लाल न नेसण्याचा डोंगर

आमच्या वाईकडे कोशिंबीची झाडं काही कमी नाहीत. घाटात आहेत, ओढ्याकाठी आहेत, देवराईत तर दोघांच्या मिठीत मावणार नाहीत एवढी आहेत. फाल्गुन लागला की त्यांना लाल पालवी फुटते, हेही मी लहानपणापासून पाहिलेलं. पण आम्ही त्या झाडांकडे बघायचो ते सरपणासाठी, नाहीतर बियांच्या तेलासाठी. नुसती पानं बघायला कोणी गाडी जुंपून, भाकऱ्या बांधून, घर सोडून निघालं असतं तर आमच्या आळीनं त्याला वेड्यात काढलं असतं. इकडे, निजामाच्या मुलखात, माणसं तेवढ्यासाठी निघतात. मीही जाऊन आले. माहेरच्या बायकांना हे खरं वाटणार नाही, म्हणून लिहून ठेवते. माझी शाळा मराठी चौथीला सुटली, तेव्हा जिथं चुकेल तिथं सांभाळून घ्यावं.

खटकचिंचोळी

मला कुठं जायचं म्हटलं की आधी भीती वाटते. लग्न होऊन इकडे आले तेव्हा हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं माझी पेटी उघडायला लावली होती. आत काय, चार लुगडी आणि आईनं दिलेला सांडग्यांचा डबा. पण तेव्हापासून पेटी उघडली की मला अजून वाटतं, कोणीतरी दरडावणार.

माझ्या सासूबाईंना आम्ही अत्या म्हणतो. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतात. देवाशी आणि गाईशी अत्या कानडीत बोलतात, माझ्याशी मराठीत, आणि रागावल्या की दोन्हींत. पहिल्या वर्षी मला कानडीचं अक्षर कळत नव्हतं. मी भिंतीला टेकून रडत बसायची. त्यावर त्या एकदाही बोलल्या नाहीत. पाडव्याला मात्र त्यांनी काय केलं? आईनं दिलेलं माझं लाल इरकली लुगडं गुपचूप पेटीतून काढून हुमनाबादच्या बाजारात नेलं, दुकानदाराला त्याचा काठ दाखवला, आणि हुबेहूब त्याच काठाचं हिरवं लुगडं माझ्यासाठी आणलं. म्हणाल्या, "काठ तुझ्या माहेरचा, रंग माझा. आता रडू नगं."

ते उपकार मी विसरणार नाही.

माघातली शिवरात्र झाली, ज्वारी काढून खळ्यात आली, आणि एके संध्याकाळी अत्यांनी जाहीर केलं, "पान लाल झालं आसंल. मी डोंगराला जायलेय. गिरिजा येईल संगं." गिरिजा म्हणजे मी.

सासऱ्यांना घरात सगळे अप्पा म्हणतात. ते म्हणाले, "यंदा ऊन लई हाय. फुडल्या साली जा की."

"फुडल्या सालचं फुडल्या साली. मला यंदाच बघायचंय."

त्यांचा स्वर असा होता की अप्पा उठून बैल बघायला गेले. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. अत्यांनी दिव्याच्या उजेडात माझी पेटी उघडली, आत हात घातला, एका लुगड्याच्या काठावरून बोटं फिरवली आणि ते फडक्यात गुंडाळून गाठ मारली. "हे डोंगरावर नेसाय. तवर उघडू नगं."

मी बरं म्हटलं. मला नवं काही सांगितलं की मी बरं म्हणते.

हुमनाबाद

आमचा गाडीवान हुसेनचाचा. अप्पांच्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे चाचांच्याच घरातले गाडीवान आहेत. बैलांशी बोलायची त्यांची तऱ्हा अशी, की बैल रुसतील म्हणून ते चाबूक गाडीत आपल्या बुडाखाली ठेवून बसतात.

काळी जमीन संपून लाल मुरूम लागला तसे रस्त्याकडेला पळस पेटलेले दिसायला लागले. एकही पान नाही, नुसती फुलं. मी ओरडले, "अत्या, हेच का? केवढं लाल!"

"ते फूल हाय," अत्या म्हणाल्या. "फुलाला काय, कुणीबी बघतंय. आपण पान बघाय जायलाव."

"अम्मा, पान और फूल में फरक क्या?" चाचांनी विचारलं.

"फूल लोकांसाठी नटतंय, हुसेन. पान न्हाई."

"हौ," चाचा म्हणाले. "हमारी बेगम भी ऐसीच बोलती. फिर आरसा कायकू मांगती, मालूम नै."

हुमनाबादला नणंदेच्या घरी मुक्काम केला. तिला आम्ही अक्का म्हणतो. हैदराबादेकडे जाणाऱ्या सडकेवरच तिचं घर आहे. दिवसभर मोटारी धुरळा उडवत जातात आणि तिचे पापड कधी पांढरे राहत नाहीत. तिनं पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी, शेंगांची चटणी आणि कडक भाकरी वाढली. ही भाकरी आमच्याकडच्यासारखी मऊ नसते. वाळवून पापडासारखी करतात, मोडली की कटकन आवाज होतो, आणि महिनाभर टिकते. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा वाटलं, शिळी वाढून माझी परीक्षा घेताहेत. आता मऊ भाकरी समोर आली तर मलाच चुकल्यासारखं होईल.

जेवताना अत्यांनी ताकाची वाटी समजून चटणीत बोट बुडवलं. अक्का हसली. "अव्वा, सुनंकडं बघत बघत जेवायलीस व्हय? ताटाकडं बघ की!"

"तुझ्या घरात उजेड कुठंय? मोटारीच्या धुरळ्यानं भिताडं काळी केल्यात," अत्या म्हणाल्या, आणि सगळे हसले. मीही हसले.

डोंगराखाली

गुलबर्ग्याच्या हद्दीत शिरलो की मुलूख बदलतो. सपाट रान एकाएकी चढायला लागतं, दगड विटेसारखा लाल होतो, आणि गावात कानडीच जास्त कानावर येते. डोंगरावर मल्लय्याचं देऊळ आहे. खाली आमराई, तिथं गाड्या सोडतात. आम्ही पोचलो तेव्हा आमराईत चुली पेटल्या होत्या आणि चारी बाजूंनी गव्हाच्या हुग्गीचा वास येत होता. आपण लापशी करतो तशीच ही, पण गूळ जास्त, आणि दुधात शिजवतात.

मला धीर नव्हता. मी विचारलं, "अत्या, वर नेमकं करायचं काय? पूजा? नवस?"

"बसायचं."

"नुसतं?"

"ज्याचं त्याचं झाड ठरल्यालं हाय. आपल्या झाडाखाली बसायचं, हुग्गी खायची, बघायचं. पान तोडायचं न्हाई. मी नवरी हुते तवापासनं एकबी साल चुकलं न्हाई."

"आणि नाही जमलं तर?"

"कामून जमणार न्हाई? बघायला काय इद्या लागतीया व्हय?"

पहाटे उठून मी आंघोळ केली आणि चुलीच्या उजेडात गाठोड्याची गाठ सोडली. आत लाल लुगडं होतं. आईचं.

मी ते हातात धरून उभीच राहिले. पेटीत हिरवं असताना, स्वतः हौसेनं घेतलेलं असताना, अत्यांनी माझ्या आईचं लुगडं काढून आणावं! एवढ्या लांबच्या देवाला, तुझ्या आईला बरोबर घेऊन चल, असंच जणू त्या म्हणत होत्या. मी नेसले आणि अंधारातच त्यांच्या पाया पडले.

"कामून गं? सण हाय का काय?"

"उगंच," मी म्हटलं.

अत्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पदराचा काठ चाचपला आणि मान हलवली. "बरं बसलंय. चल."

पायऱ्यांपाशी फटफटलं. आधी मला काही कळलं नाही, फक्त बायका माझ्याकडे बघताहेत एवढं जाणवलं. मग मीही त्यांच्याकडे बघितलं. हिरवी लुगडी होती, पिवळी होती, निळी होती, एका म्हातारीचं तर विटून राखेच्या रंगाचं झालेलं होतं. एवढ्या बायकांत लाल एकही नव्हतं.

पहिल्या पायरीवर गुरवाची बायको मल्लव्वा हळदीची परडी घेऊन बसलेली असते. कपाळाला हळद लावल्याशिवाय ती कोणाला वर सोडत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि परडी खाली ठेवली.

"कुठल्या गावची गं तू? लाल नेसून आलीस?"

मला नाक्यावरचा शिपाई आठवला.

"डोंगुर म्हंजे देवाची बायकू," मल्लव्वा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागली. "वर्षातनं एकदा ती लाल नेसतीया. त्या दिशी दुसरीनं लाल नेसून तिच्या फुडं मिरवायचं व्हय? शेंबड्या पोरीलाबी कळतंय हे. घरातनं निघताना कुणी बघिटलं न्हाई? तुझी सासू काय आंधळी हाय का?"

बायका हसल्या. तिचा काही वाईट हेतू नव्हता. असं आपण सगळेच बोलतो.

मी अत्यांकडे वळले. त्या माझ्या लुगड्याकडे बघत होत्या. बघत होत्या म्हणजे डोळे तिकडे होते. मग त्यांनी हात पुढे केला, पदर बोटांत धरला, डोळ्यांजवळ नेला, आणखी जवळ नेला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की तसा मी कधी पाहिला नव्हता. चटणीत बुडालेलं बोट मला आठवलं. उंबऱ्यावर आधी पाय चाचपून मग टाकायची त्यांची सवय आठवली. दिव्याच्या उजेडात काठावरून फिरलेली बोटं आठवली. काठ दोन्हींचा एकच होता. आपण हिरवंच काढलं, असं त्यांना वाटलं होतं.

मला वाईट वाटलं, खोटं का सांगू? पहाटे मी ज्यासाठी पाया पडले ते तसं नव्हतंच. पण त्याहून मोठं काहीतरी समोर उभं होतं, आणि एवढ्या बायकांच्या तोंडाला ते लागायला एक क्षण पुरला असता.

"अत्यांनी हिरवंच दिलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मीच हट्टानं हे नेसले. आईचं आहे म्हणून. मला इकडची रीत ठाऊक नव्हती."

"मंग सासूनं सांगिटलं न्हाई?"

"सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"आय्यो शिवा! असली सून!" मल्लव्वानं कपाळावर हात मारला. पण तिचा राग पातळ झाला होता. मागं हात घालून तिनं एक काळी घोंगडी ओढून काढली. "झाक. समदं झाक. पदराचं टोकबी दिसू द्याचं न्हाई. आन् फुडल्या साली शानी हो."

म्हणजे चूक करणारी मी पहिलीच नव्हते. तिनं घोंगडी ठेवलेलीच होती.

वर

फाल्गुनातलं ऊन, अंगावर धनगरी घोंगडी, आणि संपता न संपणाऱ्या पायऱ्या. घोंगडीला मेंढरांचा वास होता, आणि ती मानेला अशी टोचत होती की मल्लय्याही मला क्षणभर आठवेना. बरोबरच्या बायका माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावत होत्या. एक म्हणाली, "अगं बाई, अस्वल चढायलंय!" मलाही हसू आलं. अत्या हसल्या नाहीत. सगळी चढण त्या माझा दंड घोंगडीवरून घट्ट धरून होत्या.

शेवटच्या वळणावर झाडी सुरू झाली.

काय सांगू? मी ही झाडं जन्मभर पाहिली होती आणि कधी पाहिली नव्हती. जुनं पान सगळं गळून खाली पिवळा थर झालेला, आणि वर नवं पान, लाल, ओलसर, इतकं कोवळं की त्याला स्वतःचा भार पेलत नाही. फांदीफांदीवरून खाली लोंबतं. वारा आला की वाजत नाही, नुसतं हलतं. आणि असा सगळा उतार. देवळाचा काळा दगडसुद्धा त्या उजेडात तांबूस झाला होता. माणसं झाडांखाली बसली होती, पोरं खेळत होती, आणि तरी सगळे हळू बोलत होते. कोणी सांगितलं नव्हतं, तरी.

अत्या थांबल्या. मान वळवून सगळीकडे बघितलं.

"यंदा रंग कमी हाय," त्या म्हणाल्या. "पाऊस कमी झाला न्हवं."

व्हय म्हणावं, असं मला फार वाटलं. एका शब्दात सगळं झाकलं गेलं असतं. पण झाकायचं म्हणजे काय असतं ते त्या घडीला माझ्या अंगावरच होतं.

"नाही अत्या," मी म्हणाले. "रंग कमी नाही. पेटल्यासारखं आहे सगळं."

अत्या मग खाली बसल्या, मलाही ओढून बसवलं.

"खाली खोटं कामून बोललीस?"

"तुमच्याकडे बघून."

"व्हय. मला वाटलंच." त्यांनी धुळीतून एक वाळकं पान उचललं आणि बोटांनी त्याचा चुरा केला. "दोन सालं झाली. धुरातनं बघिटल्यावानी दिसायलंय. उजव्या डोळ्याला तर काईच न्हाई. माझ्या सासूचं असंच झालतं. मंग तिला कुणी चुलीजवळ जाऊ दिलं न्हाई, दुधाला हात लावू दिला न्हाई. बस की, बस की, म्हणायचे. माया करूनच म्हणायचे. बसून बसून ती आटली. म्हणून मी बोलले न्हाई कुणाला. यंदा तरी डोंगुर बघून घिऊ म्हणलं. उशीर झाला."

मी त्यांचा हात धरला.

"मंग सांग आता," अत्या म्हणाल्या.

"काय?"

"काय म्हंजे? शाळा शिकलीस न्हवं? मी तर पाटीबी धरली न्हाई. सांग, काय दिसायलंय."

मी चौथी शिकलेली, घाबरट बाई. पण सांगायला लागले. "समोरचं झाड मेंदी धुतल्यावर तळहात दिसतो तसं आहे. त्याच्या मागचं जास्त गडद, जास्वंदीसारखं. देवळाकडची दोन चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखी, त्यांची पानं थोडी मोठी झालीत."

"ती सगळ्यांत आधी फुटत्यात. आन् डावीकडं? वाकडं, दोन खोडांचं?"

मी शोधलं. सापडलं. "आहे. पण ते अजून हिरवं जुनंच आहे. टोकाला तेवढी लाल पालवी."

अत्यांना हसू आलं. सकाळपासूनचं पहिलं. "आपलंच झाड ते. आळशी हाय. दर साली मागनंच येतंय. चल, त्याच्याखाली बसू."

आम्ही आमच्या झाडाखाली गेलो. हुग्गी खाल्ली. घामानं मी भिजून गेले होते. वरची फांदी वाकवून मी अत्यांच्या गालापर्यंत आणली. तोडलं नाही, नुसतं टेकवलं. त्यांनी डोळे मिटले. "तान्ह्या लेकराच्या कानाची पाळी," त्या पुटपुटल्या. फांदी सोडायला मी हात वर केला तशी घोंगडी खांद्यावरून घसरली आणि पदर उन्हात आला.

"थांब!" अत्या एकदम म्हणाल्या. "थांब, हलू नगं. दिसलं!"

"काय?"

"लाल. तिथं, माझ्या म्होरं. केवढं लाल गं! कुठलं झाड हाय ते?"

मी झाडाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. भर उन्हात, त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर माझ्या आईचं लुगडं होतं. मी तशीच सरकले, अजून जवळ. त्यांनी हात पुढे केला, आणि बोटं काठाला लागली.

त्यांनी काठ ओळखला. मी काही म्हणायच्या आधीच त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि हसायला लागल्या. त्यातच डोळ्यांना पाणी आलं. आसपासच्या बायका बघायला लागल्या तेव्हा त्यांनी घाईनं घोंगडी माझ्यावर ओढली.

"झाक, झाक! मल्लव्वा येईल," त्या म्हणाल्या. आणि मग हळू, "तुझ्या आईला कळव. म्हणावं, डोंगुर दिसला."

घरी

परतीच्या वाटेवर पळस अजून तसेच होते. चाचांनी विचारलं, "अम्मा, देखे क्या पान?" अत्या म्हणाल्या, "देखे. भौत नजदीकसे देखे." चाचांना त्यातलं काही कळलं नाही, मला कळलं.

घरी पोचल्यावर मी धास्तावून होते. अत्या बोलतील की नाही, आणि नाही बोलल्या तर मी गप्प राहायचं का, हेच डोक्यात होतं. अप्पा ओसरीवर सुपारी कातरत होते. "कसा झाला डोंगुर?"

अत्यांनी हातपाय धुतले, त्यांच्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मला दिसंना झालंय. सोलापूरला डोळ्याचा डाक्टर हाय म्हणत्यात. मला दाखवाय न्या. गिरिजा संगं येईल, ती मला सांगती कुठं काय हाय ते. आन् एक ऐका. तवर आन् त्याच्यानंतरबी चूल माझीच."

अडकित्ता थांबला. अप्पांनी तो खाली ठेवला. मग म्हणाले, "चुलीला कोण हात लावतंय तुझ्या? माझी काय छाती हाय?"

आज सकाळी आम्ही सोलापूरला निघणार आहोत. गाडी दारात उभी आहे, म्हणून हे इथंच आवरते. मघाशी अत्या माझ्या पेटीपाशी येऊन बसल्या. आत हात घातला नाही. म्हणाल्या, "तूच काढ. मी काय नेसू सांग."

दोन्ही लुगडी मी बाहेर काढली. "हिरवं की लाल?"

"तिकडं काय मनाई हाय का?"

"नाही अत्या. तिकडं काही मनाई नाही."

"मंग तुझ्या आईचं दे."

मी लाल लुगडं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांचा हात धरून काठावर नेला. त्यांनी काठ चाचपला नाही. लुगडं उचलून दारातल्या उन्हात धरलं, आणि चाचा बाहेरून हाका मारत राहिले तरी तशाच बघत बसल्या.